इटली, लेबनान, उधना

रवि., २ नोव्हें.

आज इटली झाली. वेसूतलं नवीन हॉटेल, श्रुतीने शोधलेलं. नितीनने तिकडे लेस्टरमध्ये दुपारचं जेवण मागवलं, आम्ही इकडे सुरतेत रात्रीचं जरा लवकर. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, म्हणजे धाकटे दीरही पंगतीला बसले. नियम श्रुतीचाच: काका रविवारी ज्या देशाचं खाईल, त्याच देशाचं आपण इथं शोधून खायचं. लेकीचं डोकं चालतं, फक्त अकाउंट्सच्या पेपरात चालत नाही.

हे सगळं आप्पांसाठी. सासूबाई गेल्या, उधन्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि त्यांना पर्वत पाटियाच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून ताटात अर्धं टाकतात. बाहेर नेलं, नितीन समोर दिसला, तर खातील ही आशा.

हॉटेल शुद्ध शाकाहारी. मेनूत जैन पिझ्झा, जैन पास्ता. आप्पांनी वेटरला विचारून खात्री केली, कांदा नाही, लसूण नाही. मग फोनमधल्या नितीनला म्हणाले, "मंग इटलीत लोक जेवतात काय?" नितीन इतका हसला की शेजारच्या टेबलावरची गोरी बाई वळून बघायला लागली.

एक तुकडा खाल्ला. उरलेलं पार्सल करून आणलं, सकाळी श्रुती डब्यात नेणार.

मंगळ., ४ नोव्हें.

लॅबमध्ये आज आप्पांचं रक्त मीच काढलं. दुसऱ्यांचे रिपोर्ट हातावेगळे करताना काही वाटत नाही. घरच्या माणसाची ट्यूब हातात आली की वाटतं. हिमोग्लोबिन खाली गेलंय. मिलिंदला फोन केला तर म्हणे वयोमान. नवऱ्याला कुठलीही गोष्ट सांगितली की तिला एक नाव देऊन मोकळा होतो.

संध्याकाळी समोरच्या हंसाबेन उंधियूची वाटी घेऊन आल्या. बाई मनाची मोकळी. आमच्या हॉलमधली बुद्धाची मूर्ती बघून परत एकदा म्हणाल्या, "केटलुं सरस शो-पीस छे." मी थँक्यू म्हटलं. भाड्याने राहायला आलो तेव्हापासून थँक्यूच म्हणते आहे. मूर्तीपुढे सकाळी हात जोडते, तेव्हा दार लावलेलं असतं.

वाटी रिकामी परत द्यायची नसते. आमच्याकडून जातं ते शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ, शिरा. जे जाऊ शकत नाही त्याची यादी आप्पांच्या तोंडावर वाचता येते. फ्लॅट देताना दलालाने विचारलं होतं आणि मि.ने 'हो, वेज' म्हटलं होतं. या शहरात आधी आडनाव विचारतात, मग ताट. आडनावावरून कळलं नाही तर ताटावरून कळतं. श्रुतीचं कॉलेज जवळ, माझी लॅब जवळ, मि.चं मार्केट चालत जाण्याइतकं. म्हणून 'हो'. मीही मान हलवली होती, उगाच त्याच्या एकट्याच्या नावावर नको.

रवि., ९ नोव्हें.

लेबनान. हा देश आप्पांना पटला. हरभऱ्याचं वाटण, वर तेल, भाजलेली रोटी. बोटाने पुसून खाल्लं. श्रुती म्हणाली, आप्पा, लोक बघतात. आप्पा म्हणाले, बघू दे, त्यायलेबी शिकायला भेटंल.

नितीनच्या टेबलावर कोंबडी होती, निखाऱ्यावरची. आप्पा फोन जवळ घेऊन बघत होते. मी विचारलं, आपण मागवू का, इथं मिळत नसेल तर दुसरीकडे जाऊ. नको म्हणाले. मग नितीनला नेहमीचा प्रश्न: घरी काय रांधलं या आठवड्यात? नितीनचं नेहमीचं उत्तर: वेळ कुठं असतो आप्पा, बाहेरच खाल्लं. गोदामातल्या शिफ्ट, थंडी, वगैरे.

परतताना रिक्षात आप्पा आपणहून बोलले. "तो तरी मोकळा हाय. पाहिजे ते रांधीन, पाहिजे ते खाईन. कोनाच्या बापाची चोरी नाही." मला टोचलं. बोलले नितीनबद्दल, पण लागलं बरोबर जिथं लागायचं तिथं. पिशवीतला हरभऱ्याचा डबा मांडीवर धरून बाहेर बघत बसले.

बुध., १२ नोव्हें.

आप्पा सकाळी उधन्याला जाऊन आले. खोलीला ऊन-वारा द्यायचा म्हणे. चाळीतल्या जुन्या जोडीदारांना भेटले. संध्याकाळी आले तर चेहरा तुकतुकीत. हात साबणाने दोनदा धुतले, तरी शर्टाला वास होताच. ओळखीचा, कांद्या-लसणात परतलेल्या मटणाचा. मी शर्ट लगेच भिजत घातला आणि बाल्कनीऐवजी बाथरूममध्ये वाळवला.

रात्री अख्खी पोळी खाल्ली नाही. खाणार कशी.

रवि., १६ नोव्हें.

थायलंड. स्टेशनकडच्या मोठ्या हॉटेलात वरच्या मजल्यावर. इथं दोन्ही मिळतं. मि. आत शिरताना मागे बघत होता, कोणी ओळखीचं नाही ना. मी म्हटलं, अरे, तो ओळखीचा इथं काय आरती करायला आलेला असणार?

कच्च्या पपईची कोशिंबीर आली. आप्पांनी पहिला घास घेतला आणि थांबले. काट्याने बाजूला काढून बघितलं. बारीक वाळलेली कोळंबी, कुटलेली. मग वास घेतला.

"सुकट हाय ही."

वेटरला बोलावून विचारलं, खात्री केली. हो, सुकी कोळंबीच. आप्पांचे डोळे भरले. सासूबाई करायच्या ती सुकट मला आठवली: तव्यावर कोरडी भाजून, मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. इथं तीच काचेच्या बशीत, वर कोथिंबिरीची एक काडी, आणि खाणारे लोक कोट घालून बसलेले. आप्पा नितीनला फोनमध्ये दाखवत होते, बघ रे, तुही माय करे ती. नितीन तिकडे तेच खात होता. दोघं बापलेक एकमेकांना बशी दाखवत बसले. सगळ्या देशांत आज पहिल्यांदा आप्पांनी अजून मागवलं.

आणि उरलेलं पार्सल. ते आप्पांनीच सांगितलं, सकाळी भाकरीसोबत खाईन म्हणून. आमच्यात काय, सुरतेतच उरलेलं कोणी टाकून येत नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. त्यांचा चेहरा बघून म्हणवलं नाही.

डब्याचं झाकण सैल होतं. लिफ्टमध्ये शिरलो आणि पिशवीतून ठिपकायला लागलं. कोशिंबिरीच्या पाण्याचा, सुकटीचा वास लिफ्टभर. दार बंद होता होता हंसाबेन आत आल्या, हातात दुधाच्या पिशव्या. नाक पदराने झाकलं. "शेनो वास आवे छे?"

मि. छताकडे बघत होता. मीच बोलले. "गटरलाइननो लागे छे, हंसाबेन. जाम थई हशे."

चारही मजले आप्पांनी पिशवी पाठीमागे धरली होती. चाळीस वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला गुजराती कळत नाही असं नाही.

सोम., १७ नोव्हें.

सकाळी आप्पा उठायच्या आत डबा फ्रिजमधून काढला. तीन पिशव्यांत गुंडाळला, लॅबला जाताना मार्केटजवळच्या कचरापेटीत टाकला. सोसायटीच्या कचऱ्यात कसा टाकणार?

संध्याकाळी कळलं, आप्पांनी सकाळी स्वतः भाकरी थापली होती आणि फ्रिज उघडून बघत राहिले. कुठं गेलं, विचारलं. मी सांगितलं, खराब झालं होतं. हे आणखी एक खोटं. दोन दिवसांत दोन झाली.

मंगळ., १८ नोव्हें.

हंसाबेन मनापासून काळजी करणारी बाई. त्यांनी सेक्रेटरीला फोन केला, सेक्रेटरीने प्लंबर पाठवला. आमच्या मजल्यावरची पाइपलाइन तपासायची तर त्यांच्या बाथरूममधून. एक टाइल फोडली. आतली लाइन लख्ख वाहत होती. प्लंबर म्हणाला, इथं काहीच नाही, वास कुठून येतो कोण जाणे. हंसाबेन मला दाखवायला घेऊन गेल्या. फुटकी टाइल, खाली ओलं सिमेंट, आणि मी 'अरेरे' म्हणते आहे. माझ्या तोंडाची मलाच शिसारी आली.

हातोड्याचा आवाज दुपारभर आमच्या घरात येत होता. आप्पा भिंतीला टेकून ऐकत बसले होते. मी चहा दिला तेव्हा आवाज न चढवता म्हणाले,

"सुकटीले गटार म्हनली तू."

मी म्हटलं, आप्पा, घर जाईल. ते म्हणाले, घर जाईन म्हनून मीबी गप राह्यलो लिफ्टीत. म्हनूनच जास्त लागते. मग चहा पिऊन कप स्वतः विसळून ठेवला.

बुध., १९ नोव्हें.

गेले. लॅबमधून आले तर कॉट रिकामी. धोतर-सदरे, गोळ्या, सासूबाईंचा फोटो, काहीच जागेवर नाही. श्रुतीला सांगून गेले की उधन्यालाच आहे, पोलिसात नको जाऊ.

मि. म्हणाला, येतील दोन दिवसांत. मी म्हटलं, शुगरचा माणूस, एकटा, त्या खोलीत संडासही बाहेर. तर म्हणे, तुला कोणी सांगितलं होतं बोलायला? लिफ्टमध्ये छताकडे बघत होता तोच हा माणूस. मी खूप बोलले. सगळं इथं लिहीत नाही.

श्रुती माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा, गुजरातीतच, रागावली की ती गुजरातीतच येते: "मम्मी, तने शरम आवे छे आपणी?" आपली लाज वाटते का? पोरीला मीच शिकवलंय शाळेत डब्याबद्दल काय सांगायचं ते.

शुक्र., २१ नोव्हें.

फोन केला. उचलला, नीट बोलले, गोळी घेतली म्हणाले. येता का? नाही. राग आहे का? "राग नाही वं. मले भूक लागते इथं."

भूक लागते हे खरंच असेल. रक्त वाढेल, आणि एखाद्या रात्री चक्कर येऊन पडतील तर शेजारच्यांना सकाळी कळेल. दोन्ही खरं. दिवसभर सुया टोचताना हेच डोक्यात.

रवि., २३ नोव्हें.

नितीनने कोरिया ठरवला होता. श्रुती म्हणाली, मी कुठं येणार नाही, आप्पांकडे जाणार. मग तिघंही उधन्याला गेलो.

चाळीच्या तोंडापर्यंत वास. आप्पांनी सुकट टाकली होती, दार सताड उघडं, पंखा फुल. बाजूच्या खोलीतून आवाज आला, आप्पा, मले वाटीभर ठेवजो. ते म्हणाले, वाटी घेऊन ये. इतकंच. मला त्या 'वाटी घेऊन ये'चा हेवा वाटला. मिलिंद खाली बसला, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि जेवायला लागला. श्रुतीने भाकरीवर भाकरी खाल्ली. ही पोरगी लहानपणी सुकट खायची हेच मी विसरले होते.

नितीनचा फोन आला. तो त्याच्या कोरियात एकटाच टेबलावर. आम्हाला इथं जमिनीवर बघून आधी गोंधळला, मग आप्पांचा तवा बघत राहिला. आप्पा खुशीत होते. म्हणाले, सोड ते हाटेल, आजच्या दिवस घरी जाऊन मासे रांध, तुले कोनाची चोरी हाय?

नितीन हसायला गेला आणि हसता आलं नाही. मग सांगितलं. दोन वर्षं ज्या खोलीत राहतो, ते घरमालक बारडोलीकडचे. माणसं चांगली आहेत, ताप आला की खिचडी आणून देतात. पहिल्या दिवशी विचारलं, वेज छो ने, आणि खोली स्वस्त, बसचा थांबा समोर, म्हणून तो हो म्हणाला. तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघरात डाळ-भात. आणि रविवारी बाहेर. इटली, लेबनान, थायलंड, सगळं त्यासाठीच. कुठल्या देशाचं हे तो बघतच नव्हता, मटण-मासे मिळतात ना एवढंच बघायचा. फोनवर दाखवायचा कारण आप्पांना बरं वाटतं.

आप्पांनी घास ताटात परत ठेवला.

"मंग तू हिंडत व्हता. मले वाटलं मजा करते."

"मजा पण केली आप्पा," नितीन म्हणाला.

स्क्रीनवर त्याच्यापुढे सगळ्या छोट्या छोट्या वाट्या मांडलेल्या, आणि मधे तो. आप्पा फोन हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, जेव बाबा, थंड होईन. दोघं जेवले. मला रडू येत होतं ते मी तव्याकडे तोंड करून आवरलं.

निघताना आप्पा दारापर्यंत आले. येता का, मी विचारलंच नाही. कुठल्या तोंडाने विचारू?

मंगळ., २५ नोव्हें.

मी समजत होते की आम्ही अडकलोय आणि तो सुटलाय. आप्पाही तेच समजत होते, त्या एका समजुतीवर त्यांनी इथं दिवस काढले. आता तीही गेली. एवढ्या लांब जाऊन पोरगा तेच 'हो' म्हणाला जे त्याचा भाऊ पर्वत पाटियात म्हणाला. आणि त्या 'हो'ला दोघांकडेही कारण होतं, खोटं कारण नव्हतं. बस जवळ. कॉलेज जवळ.

हंसाबेनचं काय चुकलं? तिला वास आला, तिने विचारलं. आमच्यासाठी फोन केला. पण खरं कळलं असतं तर तिने वाटी पाठवली असती का, हे मला माहीत नाही. ती वाईट आहे म्हणून नाही. माहीतच नाही. इतक्या वाट्या आल्या-गेल्या, आणि एवढंही माहीत नाही.

मि.ला सांगितलं, मी तिला सांगणार. म्हणाला, घर बदलावं लागलं तर? मी म्हटलं, तर बदलू. तो मोबाइल खाली ठेवून म्हणाला, मी असताना सांग. हा माणूस अधूनमधून असा बोलतो, म्हणून संसार झाला.

बुध., २६ नोव्हें.

सांगितलं. दोघं गेलो. मी घरी वाक्य जुळवून नेलं होतं, तिथं ते विसरले. बोलले ते एवढंच: हंसाबेन, त्या दिवशी गटार नव्हतं, आमचं जेवण होतं. मच्छी होती. आम्ही खातो.

बाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. पहिला प्रश्न, घरमां रांध्युं हतुं? घरी रांधलं होतं का? नाही, बाहेरून आणलं होतं. मग माझ्याकडे बघून, अगदी दुखावलेल्या आवाजात, "मारी टाइल तोडावी नाखी तमे." माझी टाइल फोडायला लावलीत तुम्ही.

ते खरंच होतं. मी म्हटलं, बसवून देते. नको म्हणाल्या. आप्पा कुठं दिसत नाहीत, विचारलं. उधन्याला गेले. का? मी म्हटलं, मी त्यांच्या ताटाला गटार म्हटलं म्हणून. बाई हातातली शेंग सोलत राहिल्या. उठताना म्हणाल्या, "बीजा कोईने ना कहेता."

दुसऱ्या कोणाला सांगू नका. हे आमच्यासाठी होतं की त्यांच्यासाठी? मि. म्हणतो आमच्यासाठी. मला अजून कळलेलं नाही. मात्र घरी आल्यावर भूक लागली, दोघांनाही, आणि काल रात्रीचा भात परतून खाल्ला.

शुक्र., २८ नोव्हें.

लिफ्टमध्ये हंसाबेन भेटल्या. हसल्या, पण रोजच्यासारखं थांबून नाही. वाटी आमच्याकडेच आहे, उंधियूची. तिच्यात काय घालून द्यावं ते ठरत नाही, म्हणून ओट्यावर पालथी पडून आहे.

सेक्रेटरीकडून काही नाही. घरमालकाकडून काही नाही. फोन वाजला की आधी नाव बघते, त्या दोघांपैकी कोणी नाही ना. तरी सकाळी मूर्तीपुढे बसले तेव्हा दार लावायचं राहून गेलं, आणि उठेपर्यंत लक्षात आलं नाही.

रवि., ३० नोव्हें.

आज कुठलाच देश नाही. नितीन खोल्या बघत फिरतोय, लेस्टरमध्येच, दोन बघितल्या. एकीचं भाडं जास्त, दुसरी लांब. वेज का, विचारलं का घरमालकांनी, मी म्हटलं. तर म्हणे, वहिनी, मीच आधी सांगितलं.

दुपारी आप्पांना फोन लावला. हंसाबेनला काय सांगितलं ते त्यांना श्रुतीकडून कळलं होतं, तरी माझ्याकडून ऐकायचं होतं. "काय म्हनली तू? शब्द सांग." मी सांगितलं, जसंच्या तसं. गटार नव्हतं, आमचं जेवण होतं.

मग म्हणाले, बुधवारी येतो. पन माझं जेवन मी घेऊन येईन, डब्यात. कोनाले चोरून नाही. चालंन का?

मि. समोरच बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान हलवली. हो की नाही ते नीट कळलं नाही, पण हलवली. मी फोनमध्ये म्हटलं, या. सगळ्यांना पुरेल एवढं आणा.

तेव्हापासून तिघं बसून बोलतोय. ओट्यावर तवा वेगळा ठेवायचा का, खिडकी कुठली उघडायची. श्रुती म्हणते, हॉलमध्येच बसू, मूर्तीसमोर, नेहमी बसतो तिथं. बुधवारी जेवताना बाहेरचं दार उघडं ठेवायचं की लावायचं, हे अजून ठरलेलं नाही.